थिनरचा वास आणि डोक्याचा हिशोब : स्क्रीन प्रिंटिंग सुरू करताय तर आधी हे वाचा



स्क्रीन प्रिंटिंगच्या व्हिडिओत आपण सगळा खर्च काढला होता. टेबल, फ्रेम, मेश, इंक, मजुरी, भाडं. कमी भांडवल, दहा बाय बाराची खोली, दोन माणसं. लग्नसराईत पत्रिका, बाकी वर्षभर पिशव्या, स्टिकर, टी-शर्ट. धंदा चांगला आहे, आजही मी तेच सांगेन. पण त्या हिशोबात एक खर्च मी धरला नव्हता. विसरलो नव्हतो. व्हिडिओ लांबेल म्हणून गाळला, हे खरं. आज तोच लिहितो, कारण जळगाव आणि धुळ्याच्या ट्रेनिंगमधून गेलेल्या काही जणांनी युनिट सुरू पण केलंय, आणि त्यांचे फोटो बघितले तर खोलीला एकच दार आहे, खिडकीला पुठ्ठा लावलेला.

आधी माझंच सांगतो. बीबीए झाल्यावर नोकरी न शोधता मी जळगावात प्रेस टाकली. मागच्या खोलीत प्रिंटिंग, पुढे काउंटर. कारागीर पारोळ्याकडचा, हात एकदम साफ. माझ्याकडे यायच्या आधी त्याने दुसऱ्या एका प्रेसमध्ये सात-आठ वर्षं काढली होती, माझ्याकडे सहा. चार रंगांचं काम डोळे मिटून करायचा. पाचव्या वर्षापासून चुका सुरू झाल्या. रंगाचा क्रम चुकायचा. एकच ऑर्डर दोनदा छापून ठेवायचा. गिऱ्हाईकाने काय सांगितलं ते दुपारपर्यंत विसरायचा, आणि विचारलं की एकदम भडकायचा. आधी हा माणूस कधी आवाज चढवत नसे. मला वाटलं, पितो. चार लोकांसमोर बोललो पण तसं. तो फक्त एवढंच म्हणाला, "भाऊ, डोकामा काहीच राहत नही."

शेवटी त्याच्या बायकोने त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? आणि दुसरा, खोलीत हवा खेळती आहे का? त्यांनी 'थिनरमुळेच झालं' असं लिहून दिलं नाही. तसं छातीठोक सांगता येत नाही म्हणाले. पण बाकीच्या तपासण्यांत दुसरं कारण सापडलं नाही, आणि त्यांनी काम बदलायला सांगितलं. ती खोली माझी होती. खिडकी मीच बंद केली होती, इंकवर धूळ बसते म्हणून. आज मी प्रिंटिंगचं सामान विकतो, थिनरही विकतो, तेव्हा हे लिहिताना मी काही वेगळ्या बाजूला उभा नाही.

सॉल्व्हंट म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे खान्देशात 'सॉल्व्हंट' म्हटलं की लोकांना सरकी-सोयाबीनच्या पेंडीतून तेल काढायचा प्लँट आठवतो. ते बरोबरच आहे. तिथे हेक्झेन वापरतात, तेल त्यात विरघळतं, मग हेक्झेन उडवून लावतात आणि तेल मागे राहतं. प्रिंटिंगच्या थिनरचं कामही तेच : रंग विरघळवायचा आणि मग उडून जायचं. एनसी थिनरमध्ये साधारणपणे टोल्युईन असतं, सोबत अॅसिटोन किंवा एमईके, अॅसिटेट, कधी मिथेनॉलसुद्धा. पीव्हीसी इंकच्या रिड्यूसरमध्ये सायक्लोहेक्झॅनोन. पाइपच्या सॉल्व्हंट सिमेंटमध्ये टीएचएफ. चपलेच्या सोल्युशनमध्ये टोल्युईन किंवा हेक्झेन. नावं वेगळी, स्वभाव एक : चरबी विरघळवतात आणि पटकन उडतात.

आता मेंदूकडे या. मेंदूतलं पाणी बाजूला ठेवलं तर उरतं त्यात निम्म्याहून जास्त चरबीच असते. श्वासातून वाफ फुप्फुसात, तिथून रक्तात, आणि काही मिनिटांत मेंदूत. दारू पोटातून जाते तेव्हा तिचा थोडा भाग आधी लिव्हरला सापडतो. श्वासातून गेलेली वाफ तो टोलनाका चुकवून थेट वर जाते. मेंदूच्या पेशींमध्ये निरोप देण्याघेण्याची जी व्यवस्था आहे, तिच्या काही दारांवर टोल्युईन दारूसारखंच काम करतं. म्हणून नवीन माणसाला पहिल्या दिवशी हलकं वाटतं, मग डोकं जड होतं, मळमळतं, हात थोडे मंद होतात. बाहेर मोकळ्या हवेत तासभर बसलं की बरं वाटतं. इथेच आपली फसगत होते. बरं वाटलं म्हणजे गेलं, असं आपण धरतो.

पहिला प्रकार खरंच उतरतो. दुसरा प्रकार वर्षानुवर्षं साचतो, आणि तो वेगळा आजार आहे. युरोपच्या उत्तरेकडच्या देशांत, डेन्मार्क-स्वीडनकडे, 1970 च्या दशकात घरं रंगवणाऱ्या पेंटर लोकांमध्ये हे ठळकपणे दिसायला लागलं. चाळिशी-पन्नाशीतली माणसं, आठवण कमी, लक्ष लागत नाही, चिडचिड, थकवा, कशातच रस नाही. तिकडे त्याला 'पेंटरचा आजार' असंच म्हणायला लागले. 1985 मध्ये कोपनहेगनला जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याच्या तीन पायऱ्या ठरवल्या गेल्या. पहिल्या पायरीत फक्त मनःस्थिती बिघडते : थकवा, चिडचिड, उदासी. काम बंद केलं तर ती भरून येते. दुसऱ्या पायरीत आठवण आणि लक्ष तपासणीत कमी दिसतं. तिसऱ्या पायरीत बुद्धीचा ऱ्हास, आणि तिथून परत येणं जवळपास नाही. एक बरी गोष्ट अशी की सॉल्व्हंट सोडल्यावर हा आजार सहसा पुढे वाढत नाही. पण झालेलं नुकसान बरंचसं तिथेच राहतं.

किती वाफेत, किती वर्षांत हे होतं, यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. कमी वाफेत काम करणाऱ्यांच्या अभ्यासांत सगळीकडे सारखे निकाल आले नाहीत. पण बंद खोलीत, रोज, दहा-दहा वर्षं, हे सुरक्षित आहे असं कोणीही म्हणत नाही.

पटकन वाळतं म्हणून

हेक्झेनची गोष्ट वेगळी सांगतो, कारण तिचा संबंध थेट आपल्यासारख्या घरगुती धंद्याशी आहे. जपानमध्ये 1960 च्या दशकात मिए प्रांतात घरोघरी सँडल चिकटवायचा उद्योग होता. लहान खोल्या, हवा कमी, चिकटवायच्या सोल्युशनमध्ये हेक्झेन. लोकांचे पाय बधिर व्हायला लागले, मग हात, मग चालता येईना. तपासणीत 93 रुग्ण निघाले. शरीर हेक्झेनचं रूपांतर दुसऱ्या एका रसायनात करतं, आणि ते रसायन सर्वांत लांब नसांची टोकं आधी मारतं. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते.

यावर चाळीस वर्षांनी चीनमधल्या सुझोऊ शहरात विनटेक नावाच्या कारखान्यात मोबाइलच्या काचा पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरायला लागले. का? ते जास्त पटकन वाळतं, तासाला जास्त काचा निघतात. अॅपलने स्वतःच्या 2011 च्या अहवालात 137 कामगारांना बाधा झाल्याचं मान्य केलं. एवढी मोठी कंपनी, आणि निर्णय मात्र तोच जो आपण काउंटरवर घेतो : 'भाऊ, लवकर वाळणारं द्या.'

अजून एक. 1970 च्या दशकात पश्चिम बर्लिनमध्ये काही तरुण नशेसाठी थिनर हुंगायचे. त्यात हेक्झेन होतं, तरी बरीच वर्षं नसांचा त्रास विशेष दिसला नव्हता. मग त्या थिनरमध्ये एमईके मिसळायला लागले आणि काही महिन्यांतच पोरं लुळी पडायला लागली. एमईके एकटं नसांना तसं मारत नाही, पण हेक्झेनचा मार वाढवतं. म्हणून 'हे आणि ते मिक्स केलं की मस्त चालतं' असा जुगाड कोणी शिकवला तर त्याला विचारा, ते आणि हे म्हणजे काय?

आता खोलीचा हिशोब

हे मन लावून वाचा, कॅल्क्युलेटर घ्या. खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. म्हणजे 1200 घनफूट, साधारण 34 घनमीटर. समजा एका कटिंग चहाच्या ग्लासाएवढं, 100 मिली टोल्युईन उडालं. वजन साधारण 87 ग्रॅम. दार-खिडकी बंद असेल तर हवेच्या एका घनमीटरमागे सुमारे 2550 मिलिग्रॅम वाफ झाली. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्युईनची आठ तासांची मर्यादा होती 375 मिलिग्रॅम, म्हणजे 100 पीपीएम, हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. आपण एका ग्लासात जवळपास सात पट झालो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांची संस्था एसीजीआयएच तर आता 20 पीपीएमच धरा म्हणते.

आता उलटा हिशोब. दिवसभरात, आठ तासांत, अर्धा लिटर उडतं असं धरा. स्क्रीन पुसणं, इंक पातळ करणं, चिंध्या, हे सगळं धरून हा आकडा जास्त नाही. 375 च्या आत राहायला तासाला कमीत कमी 145 घनमीटर ताजी हवा हवी. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात हवा सगळीकडे सारखी मिसळत नाही, आणि कारागिराचं नाक तर नेमकं स्क्रीनच्या वर असतं. म्हणून पाचपट धरा, सव्वासातशे घनमीटर. बारा इंची एक चांगला एक्झॉस्ट फॅन हे करू शकतो. किती हवा खेचतो ते त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. 20 पीपीएमच्या आत यायचं तर साडेतीन हजारांपुढे जावं लागेल. तेव्हा फॅन वाढवण्यापेक्षा टेबलाजवळूनच वाफ ओढणारं पत्र्याचं हूड करणं परवडतं.

फॅन कुठे लावायचा यात बहुतेक जण चुकतात. छताजवळ, कारागिराच्या पाठीमागे लावतात. मग वाफ त्याच्या तोंडावरूनच फॅनकडे जाते. टोल्युईनची वाफ हवेपेक्षा तिप्पट जड, स्क्रीनवरून उतरून टेबलाच्या आसपास खालीच घुटमळते. फॅन टेबलाच्या पलीकडे, टेबलाच्या उंचीला हवा, आणि समोरच्या बाजूने हवा आत यायला जागा हवी. हवा आत येणार नसेल तर फॅन नुसता फिरतो आणि लाइटबिल वाढवतो.

आपला उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकतो. 20 अंशांच्या मानाने 45 अंशांना टोल्युईनची वाफ व्हायची ताकद तिप्पट होते. आणि नेमकं तेव्हाच आपण काय करतो? लू आत येते म्हणून खिडक्या बंद, आणि खोलीच्या आत कूलर. आत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवतो. कूलर खिडकीत बाहेरून लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, मग तो बाहेरची हवा आत ढकलेल आणि वाफ बाहेर जाईल. लग्नसराईही तेव्हाच असते, रात्री बारापर्यंत पत्रिका चालू. वर्षातलं सगळ्यात जास्त काम, सगळ्यात जास्त वाफ, सगळ्यात बंद खोली, हे तिन्ही एकाच दोन महिन्यांत.

आगीचंही याच हिशोबात बघून घ्या. त्याच खोलीत दोन लिटर सांडून उडालं तर वाफ स्फोट होण्याच्या पातळीच्या वर जाते. 31 ऑगस्ट 2019 ला शिरपूरजवळ वाघाडीला केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले, ते धुळे जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. तो मोठा कारखाना होता. तरी आपल्या खोलीत एका वेळी लागेल तेवढंच थिनर ठेवा, बाकीचा कॅन बाहेर, झाकण घट्ट.

वासावर भरवसा ठेवू नका

टोल्युईनचा वास मर्यादेच्या खूप आधी येतो, म्हणून वास आला म्हणजे लगेच विषबाधा असं नाही. उलट बाजू जास्त घातक आहे. थोड्या वेळात नाकाला सवय होते आणि वास येईनासा होतो, वाफ तेवढीच असते. 'मला आता काही वाटत नाही' हे कारागीर अभिमानाने सांगतो. बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकाला विचारा, तो दारातच नाक मुरडेल.

मास्कचं पण सांगून टाकतो. रुमाल, कापडी मास्क, एन-95, यातलं काहीही वाफ अडवत नाही. ते धुळीसाठी आहेत. वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, सेंद्रिय वाफेच्या फिल्टरवर तपकिरी पट्टी असते. ते कार्ट्रिज वापरून भरतं, आणि उघडं टांगून ठेवलं तर टांगल्या जागीच भरतं. काम झालं की झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा. पातळ सर्जिकल हातमोजे थिनरला फार वेळ टिकत नाहीत. आणि हात थिनरने धुणं बंद करा. चमचाभर गोडेतेल चोळा, मग साबण. रंग निघतो. आमच्या प्रेसमध्ये हे कळायला मला सहा वर्षं लागली.

जोखीम मोजायची कशी

पहिलं काम, डब्यात काय आहे ते शोधा. सुट्या कॅनमधलं बिनलेबलचं थिनर दहा-वीस रुपयांनी स्वस्त मिळतं, पण त्यात मिथेनॉल किती, हेक्झेन किती हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मिथेनॉल डोळ्यांच्या नसेवर जातं. लेबलवाला डबा घ्या आणि डीलरकडे एसडीएस मागा, म्हणजे सेफ्टी डेटा शीट. सोळा भागांचा कागद असतो, तुम्ही तीनच बघा : दुसऱ्यात धोके, तिसऱ्यात घटक आणि त्यांचे टक्के, आठव्यात हवेतली मर्यादा आणि कोणता मास्क-हातमोजा ते. धोक्यांमध्ये 'एच 336' म्हणजे झोप-चक्कर येऊ शकते. 'एच 373' म्हणजे बराच काळ संपर्क राहिला तर अवयवांना इजा होऊ शकते. 'एच 361' म्हणजे प्रजननक्षमतेला किंवा पोटातल्या बाळाला धोका असल्याचा संशय. टोल्युईनच्या बाबतीत तो संशय बाळाबद्दल आहे. बचत गटाच्या ताईंनो, हे तुमच्यासाठी खास. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पिशव्यांचं प्रिंटिंग करत असाल तर घरातली गरोदर सून आणि लहान पोरं ती वाफ चोवीस तास घेतात, कारागीर निदान संध्याकाळी घरी तरी जातो.

मग किती उडतं ते मोजा. महिन्याला किती लिटर विकत घेतलं आणि किती उरलं, फरक हवेत गेला. याला मीटर लागत नाही, खरेदीची वही पुरते. त्याला दिवसांनी भागा आणि वरचा खोलीचा हिशोब लावा.

तिसरं, माणसाकडे बघा. स्वीडनमध्ये पेंटर वगैरे लोकांसाठी सोळा प्रश्नांची एक साधी यादी बनवली, हो-नाही उत्तरांची. प्रश्न अगदी घरगुती आहेत : नेहमीपेक्षा जास्त थकवा येतो का, गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात का, घरचे म्हणतात का की तू विसरतोस, कुलूप लावलं का हे परत जाऊन बघता का, उगीच राग येतो का, आठवड्यातून एकदा तरी डोकं दुखतं का. 'हो' जास्त आले की डॉक्टरकडे. यातला 'घरचे म्हणतात का' हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण विसरणाऱ्याला विसरलेलं कळत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का, कामावर आलं की परत सुरू होतं का, हेही विचारा.

डॉक्टरकडे गेलात तर काम काय करता हे स्वतःहून सांगा, डब्याच्या लेबलचा फोटो दाखवा. पाय बधिर व्हायला डायबेटिस आणि बी-12 ची कमतरता पण कारण असते, विसरायला थायरॉईड, झोप, दारू. ती सगळी तपासावी लागतात, नुसता थिनरवर संशय घेऊन चालत नाही. दारूचं एक सांगतो : दारू आणि टोल्युईन एकत्र आले की शरीर टोल्युईन हळू बाहेर टाकतं. दिवसभर वाफ आणि संध्याकाळी क्वार्टर, हे दोन वेगळे हिशोब नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. त्याच कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, ज्या आजारांची सरकारला खबर द्यावी लागे त्यांत, बेंझीन आणि त्याच्या भाऊबंदांची विषबाधा होती. टोल्युईन आणि झायलीन हे ते भाऊबंद. पण दोन-चार माणसांचं युनिट कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. तुमच्याकडे इन्स्पेक्टर येणार नाही, हवा कोणी मोजणार नाही. कामाच्या आजारांवर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था अहमदाबादला आहे, 1966 पासून. पण दहा बाय बाराच्या खोलीत तपासणारे तुम्हीच.

ज्यांचं हार्डवेअर किंवा स्टेशनरीचं दुकान आहे त्यांना एक गोष्ट. 2012 मध्ये केंद्र सरकारने बाटलीतला व्हाइटनर आणि त्याचा थिनर किरकोळ विकण्यावर बंदी आणली, कारण मुलं हुंगत होती. पंक्चरचं सोल्युशन, थिनरची छोटी बाटली घ्यायला दहा-बारा वर्षांचं पोर एकटं आलं तर मी देत नाही. दहा रुपयांचं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते सांगतो, बँकेत द्यायचा असेल तरी हे टाका. यंत्रसामग्रीत एक्झॉस्ट फॅन आणि पत्र्याचं हूड. दरमहा खर्चात कार्ट्रिज आणि हातमोजे. कापडी पिशव्या आणि टी-शर्टला पाण्याची इंक चालते, तिथे थिनर लागतच नाही. पत्रिका आणि प्लॅस्टिकच्या कामात अजून अडचण आहे, वाळायला वेळ लागतो आणि चिकटत नाही. म्हणून मी सुरुवात करणाऱ्याला सांगतो की पहिलं वर्ष फक्त कापड घ्या. पाण्याच्या इंकचं पूर्ण कॉस्टिंग पुढच्या व्हिडिओत करतो, वाळवायला ऊन पुरतं का, याच्यासकट.

माझा तो कारागीर आता पारोळ्याला किराणा दुकानात आहे. चिडचिड गेली, झोप लागते म्हणतो. हिशोब मात्र वहीत लिहूनच करतो. लहान बेरीजसुद्धा दोनदा तपासतो.